एस्टिमच्या हलक्या क्लचच्या नोंदी

९ जून

गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लच प्लेट हातात घेतली तर रिव्हेट जवळजवळ वर आलेत, आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीच्या, तोंडावर निळे डाग आणि केसाएवढ्या भेगा. गेल्या सीझनला दर स्टार्टला जो जळका वास यायचा त्याचा पुरावा समोरच पडलाय. उभ्या गाडीवरून, ग्रिडवर साडेचार हजारावर आरपीएम धरून क्लच सोडायचा म्हणजे हे होणारच.

गाडी कुठली ते आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. आमची रेसची मारुती एस्टिम, १.३ लिटर १६ व्हॉल्व्हचं इंजिन, कंपनीतून ८५ बीएचपी आणि ११० न्यूटन-मीटर. कॅम, हेड आणि एक्झॉस्टचं काम झालंय, म्हणून हिशोबाला १२५ न्यूटन-मीटर धरतोय. आतलं सगळं काढून ड्रायव्हरसकट साधारण ९०० किलो. रेव्ह लिमिटर ७००० आरपीएमला.

भेगा पडलेलं फ्लायव्हील परत लावायचं नाही हे ठरलंच होतं, मग पार्टनर म्हणाला नवीन करतोच आहोत तर हलकं करू, आणि फ्लायव्हील हलकं करतोच आहोत तर अख्खा क्लचच रेसिंगचा हलका बसवू. पार्टनरचं वाक्य असंच लांबत जातं आणि त्याच्या शेवटाला नेहमी खर्च असतो.

१५ जून

सगळं काट्यावर ठेवलं. फ्लायव्हील रिंग गिअरसकट साडेसहा किलोच्या आसपास, क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारं प्रेशर प्लेटचं कव्हर साडेतीन, क्लच प्लेट ९०० ग्रॅम. पार्टनर लगेच म्हणाला प्लेटमध्ये काय वाचणार, खरं वजन तर फ्लायव्हीलमध्ये आहे.

पण फक्त काट्याकडे बघून चालत नाही, कुठला भाग कोणाबरोबर फिरतो ते बघायला लागतं. फ्लायव्हील आणि कव्हर क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टला, बोल्ट केलेत, ते कायम इंजिनबरोबर फिरणार. क्लच प्लेट मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर बसलीय, पेडल दाबलं की ती इंजिनपासून सुटते आणि गिअरबॉक्सची होते. म्हणजे गिअर टाकताना गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगला ज्याचा वेग जुळवायला लागतो त्यात फ्लायव्हील नाहीच, कव्हर नाही, फक्त ही ९०० ग्रॅमची प्लेट, इनपुट शाफ्ट आणि आतले गिअर. ७०००ला दुसऱ्यातून तिसरा टाकला की इनपुट शाफ्टला झटक्यात ४७००च्या आसपास यावं लागतं, हे तेवीसशे आरपीएम खाली आणायचं काम तीच पितळेची एक बारीक रिंग करते. आमच्या बॉक्सचा तिसरा गेल्या सीझनपासून कुरकुरतोय. त्यामुळे फ्लायव्हील हलकं केलं की गिअर मऊ पडतात असं जे सगळे सांगतात ते पटत नाही. त्याने इंजिन लवकर चढतं-उतरतं एवढंच, सिंक्रोला आराम हवा असेल तर प्लेट हलकी पाहिजे.

म्हणजे ही दोन वेगवेगळी कामं आहेत, दोन वेगळे हिशोब करायचे.

१६ जून

फ्लायव्हीलचा हिशोब. कडेपासून, म्हणजे १२ सेंटीमीटर त्रिज्येवरून १ किलो काढलं तर इनर्शिया, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, ०.०१४४ किलो-चौरस मीटरने कमी होतो. तेच १ किलो ५ सेंटीमीटरवरून, म्हणजे मधल्या बोल्टांच्या आसपास काढलं तर फक्त ०.००२५, जवळजवळ सहापट कमी फायदा आणि वर फ्लायव्हील नेमकं जिथे दणकट पाहिजे तिथेच पातळ. त्यामुळे अमुक किलोचं फ्लायव्हील असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न, वजन काढलं कुठून?

आता गाडीला हा फरक किती वाटतो. फायनल ड्राइव्हचा रेशो ४.१, चाकाची त्रिज्या २८ सेंटीमीटर आणि गिअर रेशो ३.४, १.९, १.२८, ०.९१ असे धरले तर कडेचं ते १ किलो कमी करणं म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडीचं ३६ किलो वजन कमी केल्यासारखं. दुसऱ्यात ११. तिसऱ्यात ५. चौथ्यात अडीच.

पहिला गिअर रेसमध्ये एकदाच लागतो, स्टार्टला. बाकी सगळं दुसरा, तिसरा आणि सरळ रस्त्यावर चौथा. दीड किलो काढलं तरी तिसऱ्यात साडेसात किलोचा फायदा, तेवढं तर पार्टनरने वडापाव सोडला तर सगळ्या गिअरमध्ये मिळेल. हे त्याला सांगितलं. आवडलं नाही.

फायदा आहे तो ब्रेक मारत खालचा गिअर घेताना. टाचेने थ्रॉटलला टिचकी मारली की इंजिन पटकन वर आलं पाहिजे, आमचं जड फ्लायव्हील तिथे मागे राहतं आणि पुढची चाकं क्षणभर चिरकतात. घड्याळात हे किती दिसेल माहीत नाही, पण वळणात शिरताना गाडी शांत राहते आणि त्यासाठी एवढा खर्च मला चालेल.

२३ जून

ओळखीतल्या एकाकडे फॉर्म्युला गाडीतून निघालेला १४० मिलिमीटरचा ट्विन प्लेट क्लच पडून होता, तो बघायला आणला. दिसायला दागिना आहे. अख्खा जुडगा तळहातावर मावतो, दोन पातळ सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून-भाजून केलेल्या, प्लेटा, मधे एक तरंगती स्टीलची प्लेट, हातात हलवला की खुळखुळतो. स्प्रिंगा नाहीत, मधला हब सरळ प्लेटला रिव्हेट केलेला. पार्टनर तो खाली ठेवायला तयार नव्हता.

टॉर्क धरण्याचं गणित सरळ आहे. घासणारी तोंडं किती, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले दाबणारा जोर, गुणिले सरासरी त्रिज्या. सिंगल प्लेटला दोन तोंडं, ट्विनला चार. ह्या १४०च्या क्लचची सरासरी त्रिज्या साधारण ५९ मिलिमीटर, गुणांक ०.३, जोर ३५०० न्यूटन धरला तर २४८ न्यूटन-मीटर. आमच्या गरजेच्या दुप्पट.

प्लेटचा इनर्शिया त्याच जाडीला व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे आमच्या १९० मिलिमीटरच्या प्लेटवरून १४० वर आलो की तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. पण प्लेटा दोन आहेत, त्यामुळे फायदा तिथल्या तिथे अर्धा झाला. तरी बराच उरतो, नाही म्हणत नाही.

नाही म्हणतोय ते पुढच्या साखळीला. त्याला सपाट तोंडाचं वेगळं फ्लायव्हील पाहिजे, आपल्या शाफ्टच्या स्प्लाइनचे हब बनवून घ्यायला पाहिजेत, रिलीज बेअरिंग वेगळं, आणि एस्टिमचा क्लच केबलवर चालतो, तिथे हायड्रॉलिक करावं लागेल कारण ह्या क्लचला थोडंसं जास्त दाबलं तरी डायफ्रॅम, म्हणजे दाब देणारी स्प्रिंगची चकती, वाकतो. आणि घिसायला प्लेटमध्ये जागाच नाही, मिलिमीटरभरसुद्धा नाही. ८५ बीएचपीच्या गाडीसाठी हे सगळं म्हणजे हौसेला मोल नाही म्हणतात त्यातला प्रकार.

क्लच परत दिला. पार्टनरने फोटो काढून ठेवलेत.

२९ जून

उलट्या बाजूने विचार, छोट्या मारुतीचा लहान क्लचच बसवला तर? १७० मिलिमीटरची प्लेट, ऑरगॅनिक फेसिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या नेहमीच्या घासणाऱ्या अस्तराचा, गुणांक ०.२७, जोर ३००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ७२ मिलिमीटर. उत्तर ११७. इंजिन १२५ देतंय. स्प्लाइन बसते का ते बघायच्या आधीच बाद.

मग आपलाच १९० चा. कव्हर आमचं मशीनिंगचं काम करणाऱ्या मामांच्या ओळखीत प्रेसवर दाबून बघितलं, साधारण ३५०० न्यूटन जोर येतोय. थंड असताना १५१ न्यूटन-मीटर धरतो, म्हणजे पुरेसा वाटतो. पण तापल्यावर ऑरगॅनिकचा गुणांक घसरतो. ०.२२ पर्यंत आला की १२३, आणि हो, आपण बरोब्बर सुटायच्या काठावर बसलोय. त्या वासाचं कारण इथे सापडलं. ४००० न्यूटनचं कव्हर मिळालं तर थंड १७३ आणि तापून १४१. हे मला पुरे.

४ जुलै

पाऊस. दोन दिवस गॅरेजच्या दारात गुडघाभर पाणी, काम बंद.

११ जुलै

आता प्लेट. दोन समोर आहेत. एक नवीन ऑरगॅनिक, स्प्रिंगवाल्या हबची, ९०० ग्रॅम. दुसरी चार पंज्यांची सिंटर्ड बटणवाली, घट्ट हबची, ७५० ग्रॅम. बाजारात तिला सरसकट सिरॅमिक प्लेट म्हणतात आणि रेसिंगचं नाव काढलं की दुकानदार तीच पुढे करतो. पार्टनर म्हणाला दीडशे ग्रॅम वाचतात, विषय संपला.

विषय कसला संपतोय, वजन कुठे आहे ते बघू. शेडच्या छताच्या कैचीला दोन दोऱ्या बांधल्या, एक-एक मीटर लांबीच्या, मधे १६ सेंटीमीटर अंतर, आणि त्यांना प्लेट आडवी टांगली. हलकेच पिळून सोडली की ती मधल्या अक्षाभोवती डुलायला लागते, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वीस झोके मोजायचे. झोक्याचा वेळ, वजन, दोरीची लांबी आणि अंतर माहीत असलं की इनर्शिया काढता येतो, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधलाच प्रयोग. पंखा बंद करायला लागतो, नाहीतर प्लेट बाजूलाही झुलते आणि आकडा बिघडतो.

ऑरगॅनिक: वीस झोके ३२.६ सेकंद. इनर्शिया ०.००३८.

सिंटर्ड: ३३.३ सेकंद. इनर्शिया ०.००३३.

म्हणजे हलकी प्लेट हळू डुलतेय. पंजे कापून वजन कमी केलंय खरं पण उरलेलं वजन, ती जड बटणं, सगळी कडेला. वजन सहावा हिस्सा कमी, इनर्शिया मात्र जेमतेम आठवा हिस्सा. सिंक्रोला जो फरक कळणार तो हा आठवा हिस्सा. त्याबदल्यात काय जातंय ते बघा. एक तर हबच्या स्प्रिंगा, ज्या इंजिनचे झटके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. दुसरं म्हणजे फेसिंगच्या खालची ती लाटेसारखी पातळ पत्र्याची पट्टी, जी दाब हळूहळू येऊ देते. ती नसली की क्लच एकतर सुटलेला नाहीतर धरलेला, मधलं काही नाही.

१२ जुलै

कालच्या आकड्यांवर पार्टनरशी फोनवर बराच वाद. त्याचा मुद्दा असा की सिंटर्ड तापली तरी गुणांक टिकवते, ०.३५ धरला तर आहे त्याच कव्हरवर १९६ न्यूटन-मीटर, नवीन कव्हरचा खर्चच वाचला. मुद्दा बरोबर आहे, तो मान्य केला. पण आपण दोघं आलटून पालटून चालवतो, पॅडॉकमध्ये गाडी इंच-इंच पुढे घ्यायला लागते, आणि स्टार्टला क्लच थोडा सरकवता आला नाही तर एकतर चाकं जागेवर फिरतील नाहीतर इंजिन बसेल. शिवाय तिसऱ्याची कुरकुर आधीच आहे, त्यात झटके आणखी कशाला? हबला स्प्रिंगा पाहिजेत यावर मी अडून बसलो. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा, तुझ्या दोरीने सांगितलं ना, मग झालं."

ऑरगॅनिक प्लेट, स्प्रिंगवाला हब, जास्त जोराचं कव्हर, आणि वजन काढायचं ते फक्त फ्लायव्हीलमधून. ठरलं.

१९ जुलै

कव्हर हलकं करता येईल का यावर एक हिशोब करून ठेवला, कारण मामांनी विचारलं होतं की प्रेशर प्लेटचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पण खरडू का.

स्टार्टला इंजिन ४५००वर धरलं तर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण लागेपर्यंत गाडी ताशी ३४ किलोमीटरला पोचलेली असते. ९०० किलोच्या गाडीची त्या वेगाची ऊर्जा साधारण ४० किलोज्यूल, आणि इंजिनचा वेग तोच धरून ठेवला तर तेवढीच आणखी ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ही उष्णता फ्लायव्हीलच्या तोंडात आणि प्रेशर प्लेटच्या बीडात जिरणार, फेसिंगमधून ती फारशी जात नाही. तिथे ३ किलो धातू असेल तर सरासरी २९ डिग्री वाढतात. १ किलोच असेल तर ८८. आणि ही सरासरी झाली, घासणारं तोंड त्या दोन सेकंदात ह्याच्या कितीतरी पट तापतं. फॉल्स स्टार्ट होऊन परत ग्रिडवर यायला लागलं तर लागोपाठ दोनदा.

प्रेशर प्लेट पातळ केली तर ती तापून वाकते, मग पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही, आणि परत सगळं त्या बिचाऱ्या सिंक्रोवर. मामांना सांगितलं, कव्हरला हात लावायचा नाही.

२ ऑगस्ट

भोसरीला मामांकडे. जुनं बीडाचं फ्लायव्हील खरडायचं नाही, ईएन-८ स्टीलच्या गोल तुकड्यातून नवीन काढायचं. बीड ताणाला कमी पडतं, भेगा असतील तर विचारूच नका. ७०००वर १२ सेंटीमीटरवरच्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहा हजार पट ओढ लागते, आणि फ्लायव्हील फुटलं तर त्याचा तुकडा बेल हाउसिंग, फायरवॉल वगैरे काही बघत नाही. तिथे ड्रायव्हरचे पाय असतात.

मामा ड्रॉइंग बघून म्हणाले, "मधे एवढं जाड का ठेवलंय? काढू की." म्हटलं मामा, मधलं काढून काही मिळत नाही, तुम्ही मागच्या बाजूने कडेचं काढा, रिंग गिअरच्या आतून. त्यांनी जरा वेळ कागद फिरवून बघितला, मग डोकं हलवलं. मामांना एकदा कारण पटलं की परत सांगायला लागत नाही.

१७ ऑगस्ट

फ्लायव्हील तयार. रिंग गिअर बसवताना मुद्दाम हजर राहिलो. नवीन रिंग हॉट प्लेटवर ठेवली, मामा अधूनमधून सोल्डरच्या तारेचं टोक तिला लावून बघत होते, तार वितळली म्हणजे पुरे. २०० डिग्री तापमान वाढलं की २७० मिलिमीटरची रिंग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त उघडते. ह्यापुढे फार तापवायची नाही, दातांचा कडकपणा जातो. दोन सांडशांनी उचलली, फ्लायव्हीलवर ठेवली, टक्क असा एक आवाज आणि बसली. हातोडी लागली नाही. मामांनी लगेच चहा सांगितला, म्हणजे काम मनासारखं झालं.

वजन रिंगसकट ४.९ किलो. जवळजवळ सगळी घट कडेची.

२३ ऑगस्ट

बॅलन्सिंग. आधी फ्लायव्हील एकटं, मग कव्हर लावून, आणि कव्हर कुठल्या डॉवेलवर, म्हणजे जागा धरणाऱ्या खुंटीवर, कसं बसलं होतं त्याची पंचने खूण. ह्यात कंजुषी नको, कडेला १० ग्रॅमचा फरक राहिला तर ७०००ला तो ६५ किलोच्या जोराने क्रँक ओढतो.

३० ऑगस्ट

फिटिंग. डायल गेजवर फ्लायव्हीलचं तोंड तपासलं, सरळ. स्प्लाइनला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस, जास्त झालं की उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स पहिल्याच दमात बसला, हे असं होत नसतं.

पेडल जड लागतंय, अपेक्षित होतं, कव्हरचा जोर सातवा हिस्सा वाढलाय. केबल नवीन टाकली आणि पेडलच्या मागे बोल्टचा स्टॉपर लावला. एक नियम काचेवर लिहून चिकटवलाय: न्यूट्रलमध्ये स्टार्ट, क्लच न दाबता. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंगचा जोर क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला तिथे तेल पोचलेलं नसतं. जास्त जोराचं कव्हर घेतलं की हे सांभाळायला लागतं, क्लच विकणारे हे कधी सांगत नाहीत.

१३ सप्टेंबर

पाऊस उघडला तशी गाडी बाहेर काढली. नवीन फेसिंग बसेपर्यंत जोरात स्टार्ट नाही, शांतपणे गिअर बदलत फिरायचं. आयडलला इंजिन थोडं थरथरतंय, आयडल शंभरेक आरपीएम वर घेतलं. गाडी हलवताना पहिल्यापेक्षा जरा जास्त थ्रॉटल लागतो, नाहीतर बंद पडते. पार्टनरने गेटमध्येच दोनदा बंद पाडली.

५ ऑक्टोबर

कोइम्बतूर, कारी स्पीडवे. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू, सेलम असा रस्ता. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, छोटा आणि वळणावळणाचा, गिअरवरचा हात खाली येतच नाही, क्लच तपासायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही.

खाली येताना फरक लगेच कळला. तिसऱ्यातून दुसरा घेताना टिचकीला इंजिन वाट बघायला लावत नाही, चाकांचं चिरकणं गेलं. उलट सुरुवातीला आमचीच टिचकी मोठी व्हायची, जुन्या फ्लायव्हीलची सवय. सरळ रस्त्यावर वेगात काही फरक नाही, गणिताप्रमाणेच. तिसऱ्याची कुरकुर आहे तशीच आहे, प्लेटचा इनर्शिया बदललाच नाही तर ती कशी जाणार, बॉक्स उघडून सिंक्रो रिंगच बदलायला लागणार.

स्टार्टची प्रॅक्टिस लागोपाठ केली, ४५००वर धरून. वास आला, पण क्लच सुटला नाही. पार्टनर उतरल्यावर म्हणाला, "ती सिरॅमिक असती तर मी अजून पिटमध्येच असतो." हे लिहून ठेवतोय, पुढे उपयोगी पडेल.

१२ ऑक्टोबर

परत आल्यावर केबलची मोकळीक तपासली. प्लेट घिसते तशी ती कमी होत जाते, त्यामुळे बॉक्स न उतरवता अंदाज येतो. थोडी कमी झाली होती, नट दीड फेरा सोडून परत जागेवर आणली. नटच्या जागेची पेंटने खूण केलीय, पुढच्या वेळी मोजायला बरं.

तिसऱ्याच्या सिंक्रो रिंगसाठी पुण्याच्या नाना पेठेत विचारायचंय. बॉक्स उतरेल तेव्हा प्लेट काढून जाडी मोजायची आणि गिअरबॉक्सकडचं माउंटिंग बदलायचं, रबर फाटलंय.